लोकांनी नावं ठेवण्याआधी…

मैत्रिणींनो, आपल्या मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यात फक्त एका अनुस्वाराचा फरक. बारशाला बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. आणि नावं ठेवायचा मान? तो अख्ख्या गावाचा! गेल्या तीन वर्षांत मी या दोन्हींचा भरपूर अनुभव घेतलाय. कारण आमच्या घरी बारसं झालं ते बाळाचं नव्हे, मसाल्याचं. आणि तेही एकदा नाही, चांगलं दोनदा!

सांगते सगळं पहिल्यापासून.

आमचं घर लोणी काळभोरचं. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की हडपसर, मांजरी फाटा, कदमवाकवस्ती आणि मग आम्ही. तेल कंपन्यांचे डेपो इथेच असल्याने रस्त्यावर टँकरची सतत ये-जा. एकीकडे एमआयटीची कॉलेजं आणि तिथली पोरं, दुसरीकडे अजूनही उसाचे फड. आणि दर आषाढीला तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम. त्या दिवशी गावात कुणाच्याही घरी चूल विझत नाही.

आमच्या अंगणात एक दिंडी उतरते. सासूबाईंच्या सासूबाईंपासूनची पद्धत. पिठलं, भाकरी, ठेचा आणि सासूबाईंच्या हातची कारळ्याची चटणी. तीन वर्षांपूर्वी लातूरकडच्या एक आजी जेवून उठल्या, चटणीची पुडी बांधून घेतली, कनवटीला लावली आणि मला म्हणाल्या, "पोरी, ही संपली की काय म्हनून मागू?"

मी हसले. म्हटलं, "आजी, चटणी म्हणूनच मागायची की!"

"चटनी काय, सगळेच करत्यात. हिला काय म्हनायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढे मी उद्योजकतेच्या दोन शिबिरांना जाऊन आले, वहीभर टिपणं काढली. पण धंद्याला नाव कशासाठी लागतं, याचं आजींच्या प्रश्नाइतकं सोपं उत्तर मला कुठे सापडलं नाही. गिऱ्हाइकाला 'काय म्हणून मागू?' हे कळलं पाहिजे. बस्स!

पहिलं बारसं

त्या आषाढीनंतर आम्ही तिघी कामाला लागलो. मी, माझ्या जाऊबाई आणि शेजारच्या काकू. तिघींनी पंधरा-पंधरा हजार काढले. कांदा-लसूण मसाला, काळा मसाला, शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळ्याची चटणी असा माल ठरला. भाजायला सासूबाई, कांडायला डंख, पाऊच बंद करायला छोटं मशीन. अन्न परवान्याची नोंदणीही केली. मिरची कुठली घ्यायची, लवंगी किती, बेडगी किती, यावर आम्ही महिनाभर वाद घातला. आणि नाव? ते ठरवलं दहा मिनिटांत. तेसुद्धा छापखानेवाल्याचा फोन आला म्हणून!

प्रत्येकाने आपापलं सुचवलं. आमचे हे म्हणाले, "काळभोर मसाले ठेवा. घराण्याचं नाव आहे." पण अहो, लोणीत दगड भिरकावला तर तो कुणा ना कुणा काळभोरांच्याच अंगणात पडणार! नणंदबाईंनी फोनवर हक्क सांगितला, "नाव ठेवायचा मान आत्याचा! गावाच्या नावानं 'लोणी मसाले' ठेवा." मी हडपसरच्या एका दुकानदाराला विचारून पाहिलं. तो म्हणाला, "म्हणजे बटर मसाला का ताई?"

जाऊबाई म्हणाल्या, "आईंचंच नाव देऊ या. मसाला त्यांचाच आहे." सासूबाई चुलीपुढून कडाडल्या, "माझं नाव पिशवीवर नगं. पिशवी रिकामी झाली की उकिरड्यावर जाती." गणपतीचं चित्र टाकू या म्हटलं, तर त्यावरही त्यांचं तेच उत्तर. शेवटी काकू म्हणाल्या, "अन्नपूर्णा?" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. छान नाव, शुभ नाव, कुणाची हरकत नाही. संध्याकाळी दोन हजार स्टिकरं छापायला गेली.

कुणाची हरकत नव्हती, हीच खरी गोम होती. जे नाव सगळ्यांना पटकन पटतं, ते सगळ्यांना पटकन सुचलेलंही असतं!

हे कळलं डिसेंबरात. पुण्यात बचत गटांचं प्रदर्शन होतं. आम्ही मोठ्या हौसेनं स्टॉल मांडला. दोन स्टॉल सोडून पाटी होती 'अन्नपूर्णा'. आमच्या मागच्या रांगेत 'श्री अन्नपूर्णा'. तिकडे लोणच्यांच्या बाजूला 'माँ अन्नपूर्णा'. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. मग एक बाई आल्या. आमची चटणी हातात घेतली, नाव वाचलं आणि परत ठेवली. "मागच्या वेळी तुमचंच पाकीट नेलं होतं. खवट निघालं. फेकून दिलं."

आम्ही तर पहिल्यांदाच आलो होतो. मी परोपरीनं सांगितलं, ते आमचं नव्हे हो! पण बाईंचं तरी काय चुकलं? त्यांनी नाव लक्षात ठेवलं होतं. नाव ज्यासाठी असतं, तेच त्यांनी केलं होतं. फक्त दुसऱ्या कुणाच्या खवट शेंगदाण्याचा दोष आमच्या ताज्या चटणीच्या पदरात पडला. जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पहाटे चारला उठून भाजलेले दाणे होते ते…

परतीच्या टेम्पोत अकराशे स्टिकरं उरली होती. त्यांचं काय करायचं, हे विचारायचं धाडस कुणीच केलं नाही.

गावाच्या नावातला धडा

दुसऱ्याच आठवड्यात आमच्या एका गिऱ्हाइकाचं पार्सल हरवलं. शोधलं तर ते लोणी कंदला जाऊन बसलेलं! पत्त्यात नुसतं 'लोणी, पुणे' लिहिलं होतं. सासऱ्यांना सांगितलं, तर ते हसत म्हणाले, "अगं, लोणी काय एक आहे का? लोणी काळभोर, लोणी कंद, बारामतीकडं लोणी भापकर, इंदापूरला लोणी देवकर, नगर जिल्ह्यात प्रवरेचं लोणी. नुसतं लोणी म्हटलं तर कुणाचं काय कळणार? म्हणून तर पुढं काळभोर लावायचं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्या वाडवडिलांनी गावांची नावं ठेवताना जे केलं, तेच आम्ही मसाल्याचं नाव ठेवताना विसरलो होतो. 'लोणी' हा शब्द गोड आहे, सोपा आहे, पण तो एकटा पुरत नाही. त्याला दुसऱ्यांपासून वेगळं करणारं काहीतरी लागतं. 'अन्नपूर्णा'चंही तसंच. नाव चांगलं होतं, पण आमचं नव्हतं.

मग आम्हाला रस्त्यावरच्या पाट्या वाचायचा नादच लागला. उन्हाळ्यात कुठेही जा, रसवंतीवर नाव 'कानिफनाथ' नाहीतर 'नवनाथ'. आमच्या डोंगरापलीकडे पुरंदर तालुक्यात बोपगावला कानिफनाथांचा गड आहे. तिथल्या परिसरातली माणसं राज्यभर रसवंतीच्या धंद्यात गेली आणि देवाचं नाव सोबत घेऊन गेली. गिऱ्हाइकाला त्या नावाचा विश्वास वाटतो, हे खरं. पण 'कालच्या कानिफनाथचा रस फार छान होता' असं म्हटलं, तर कुठल्या? चहाच्या 'अमृततुल्य'चंही तेच. पुढे कुणाचं तरी आडनाव नाहीतर दुसरा शब्द लागल्याशिवाय दुकान ओळखू येत नाही.

आता आडनावं बघा. १९५० साली पुण्यात सुरू झालेलं चितळे बंधू. मसाले-लोणच्यांचे बेडेकर. पिढ्यान् पिढ्या माल चोख दिला, म्हणून त्यांचं आडनावच मालाची खूण झालं. काहींनी आद्याक्षरं जोडली. 'विको' म्हणजे विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी, १९५२ची. एवढं लांबलचक नाव कुणी दुकानात मागितलं असतं का? पण 'विको द्या' हे लहान पोरही म्हणतं. काहींनी गुणाकडे बोट दाखवणारं नाव शोधलं. 'पितांबरी' म्हटलं की घासूनपुसून लखलखणारं पितळ डोळ्यापुढे येतं, आणि तरी 'भांडी चकचकीत पावडर' असं सरळसोट सांगितलेलं नाही.

पाट्या वाचता वाचता आणखी एक गोष्ट लक्षात आली. जिकडेतिकडे 'आणि सन्स', 'ब्रदर्स', 'बंधू'. 'आणि सुना' असं कुठे वाचलंय का हो तुम्ही? 'जावा-जावा मसालेवाले'? आम्ही त्या दिवशी एसटीत इतक्या हसलो, की कंडक्टर वळून बघायला लागला. पण घरी आल्यावर ते हसू जरा खुपायला लागलं.

पाच रुपयांचं बक्षीस

अशा वेळी मला लिज्जत पापडाची गोष्ट कळली. पापड आपण सगळ्यांनी खाल्लाय, पण त्याच्या नावाची गोष्ट मला तरी ठाऊक नव्हती. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात गुजराती बायका इमारतीच्या गच्चीवर जमल्या आणि पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या वर्षी विक्री झाली ६,१९६ रुपयांची. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

पण मला भावलं ते पुढचं. 'लिज्जत' हे नाव पहिल्या दिवशी नव्हतंच! ते आलं १९६२ साली. त्यांनी नावासाठी चक्क स्पर्धा ठेवली आणि बक्षीस होतं पाच रुपयांचं. धीरजबेन रुपारेल यांनी सुचवलेलं 'लिज्जत' निवडलं गेलं. लिज्जत म्हणजे आपल्या मराठीतली लज्जत, चव. छोटा शब्द, बोलायला सोपा, चवीची आठवण करून देणारा. आणि मुख्य म्हणजे तो कुणा एका घराण्याचा नाही, सगळ्या लाटणाऱ्यांचा. तिथे काम करणारी प्रत्येक बाई मालकीण असते. तशा संस्थेला हेच नाव शोभतं.

आम्ही म्हटलं, आपणही स्पर्धा ठेवू! संक्रांतीचं हळदीकुंकू होतंच. येईल तिला वाणासोबत एक कोरी चिठ्ठी दिली. बक्षीस एक्कावन्न रुपये आणि किलोभर मसाला. पातेलंभर चिठ्ठ्या जमल्या. त्यात सखी, स्वामिनी, गृहलक्ष्मी, सुगरण, माऊली यांचीच रांग. आणि हो, 'अन्नपूर्णा'सुद्धा! ती सगळी आम्ही प्रेमानं बाजूला ठेवली. राहिली सहा नावं.

त्या सहांची आम्ही परीक्षा घेतली. पहिली परीक्षा फोनची. माझ्या बार्शीच्या बहिणीला एकेक नाव फोनवर एकदाच सांगायचं आणि तिनं कागदावर लिहायचं. दोन नावं तिनं भलतीच लिहिली, ती बाद. दुसरी परीक्षा पुतण्याची. तो पहिलीत. त्याला वाचता येईल इतकं सोपं हवं. तिसरी परीक्षा दुकानदाराची. आज सांगायचं, चार दिवसांनी जाऊन विचारायचं, आठवतंय का? जे त्याला आठवेना, ते गिऱ्हाइकाला काय आठवणार?

चौथी परीक्षा सरकारी. ट्रेडमार्क खात्याच्या संकेतस्थळावर आपलं नाव टाकून, ते आधी कुणी घेतलंय का, हे फुकट शोधता येतं. नुसतं तंतोतंत तेच नाव नव्हे, उच्चाराने जवळचं नावही बघायचं. भाचीने रात्री बसून शोधलं. माझं आवडतं नाव तिथे गळलं. वाईट वाटलं, पण दोन हजार स्टिकरं छापल्यावर कळण्यापेक्षा बरं!

शेवटी उरली एकच चिठ्ठी. अक्षर पुतण्याचं होतं, पण शब्द सासूबाईंचा. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून त्याच्याकडून लिहून घेतलेला. खोबरं-तीळ नीट भाजलं गेलं, घमघमाट सुटला, की कढई उतरवताना त्या जो शब्द म्हणतात, तो. त्यांच्या माहेरच्या बोलीतला. आम्ही तो रोज ऐकत होतो आणि नाव शोधायला गावभर फिरत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

ते नाव मी इथे लिहिणार नाही बरं का. एक तर हा कॉलम जाहिरातीचा नाही. दुसरं, अर्ज अजून चालू आहे. पण एवढं सांगते, एक्कावन्न रुपये सासूबाईंनी पदराला बांधून ठेवलेत. अजून खर्च केलेले नाहीत.

पाटीवर एक, पैशावर दुसरं

नाव मिळालं, नवीन स्टिकरं आली. उरुळी कांचनच्या आठवडी बाजारात पहिल्याच दिवशी एका ताईंनी पैसे द्यायला मोबाइल पुढे केला, क्यूआर कोड स्कॅन केला आणि थबकल्या. "ताई, हे कुणाचं नाव येतंय? बरोबर आहे ना?"

मी वाकून बघितलं. पडद्यावर आमच्या ह्यांचं नाव होतं! सुरुवातीला घाईत त्यांच्याच खात्याचा कोड लावला होता. वर्षभर आमचा सगळा पैसा त्यांच्या खात्यात जमा होत होता. त्यांनी एक पैसाही ठेवून घेतला नाही, हिशेब चोख दिला. पण पाटीवर आमचं नाव आणि पैशावर त्यांचं, हे मला त्या बाईंच्या प्रश्नानं पहिल्यांदा दिसलं.

रात्री मी विषय काढला. हे जरा दुखावले. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?" मी म्हटलं, "विश्वासाचा प्रश्न नाही हो. गिऱ्हाईक विचारतंय, कुणाचं नाव म्हणून. मी काय सांगू?" ते गप्प झाले. त्याच वेळी काकूंनी स्वतःची एक गोष्ट सांगितली, जी इतके दिवस त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

पूर्वी त्या दुसऱ्या एका गटात होत्या. सात वर्षं पापड-कुरडया केल्या. नाव झालं, दुकानांतून मागणी यायला लागली. पुढे भांडण होऊन गट फुटला. तेव्हा कळलं, की नावाची नोंद, परवाना, बँकेचं खातं सगळं एकाच बाईच्या नावावर होतं. ती नाव घेऊन गेली. "आम्ही बाकीच्या सातजणी," काकू म्हणाल्या, "तेच पापड, त्याच हातांनी लाटलेले, घेऊन दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, तुम्ही कोण?"

आमच्या ओट्यावर कुणी काही बोललं नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "आता पोरांच्या नावात आईचं नाव लावत्यात म्हनं सरकारात. मग मसाल्याला त्याच्या आयांचं नाव लावायला काय हरकत हाय?" त्यांनी ऐकलं होतं ते खरं आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव, असा क्रम राज्य सरकारने ठरवलाय.

दुसऱ्या दिवशी हे स्वतःहून म्हणाले, "चल, वकिलांकडे जाऊन येऊ." आम्ही तिघींनी भागीदारीचा करारनामा केला. नाव तिघींच्या मालकीचं, एखादी बाहेर पडली तर काय, कुणी वारलं तर काय, सगळं लिहून काढलं. मग त्या भागीदारीच्या नावाने पॅन कार्ड, चालू खातं आणि नवा क्यूआर कोड. उद्यम नोंदणी ऑनलाइन, फुकट झाली. अन्न परवानाही नव्या नावावर करून घेतला, कारण पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो.

मग ट्रेडमार्कचा अर्ज. 'हे मोठ्या कंपन्यांचं काम' असं मलाही वाटायचं. तसं नाही. एकटी व्यक्ती किंवा लघुउद्योग असेल, तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग असतात. मसाले ३० व्या वर्गात, लोणची २९ व्या. आम्ही लोणची करत नाही, म्हणून एकाच वर्गात अर्ज केला. खात्याने तपासल्यावर नाव त्यांच्या जर्नलमध्ये छापलं जातं. मग चार महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकतं. हरकत नाही आली तर नोंदणी, दहा वर्षांसाठी, पुढे नूतनीकरण करता येतं. वेळ लागतो, धीर धरावा लागतो.

वकिलांनी आणखी काही गोष्टी सांगितल्या. 'झणझणीत', 'शुद्ध', 'घरगुती' असे मालाचं नुसतं वर्णन करणारे शब्द सहसा एकाच्या मालकीचे होऊ शकत नाहीत, कारण ते सगळ्यांनाच लागतात. देवाधर्माच्या नावांचंही अवघडच. 'रामायण' नावाने अगरबत्ती विकण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१५ साली न्यायालयाने सांगितलं, की पवित्र ग्रंथाच्या नावावर कुणा एकाला मक्तेदारी सांगता येणार नाही. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी यांची नावं आणि चित्रं धंद्यासाठी परवानगीशिवाय वापरायला तर १९५० च्या कायद्यानेच मनाई आहे. आदर मनात ठेवावा, पाकिटावर नको. सासूबाईंचा उकिरड्याचा मुद्दा कायद्यालाही पटलेला दिसतोय!

काय म्हणून मागू?

गेल्या आषाढीला दिंडी आली, तेव्हा मी लातूरच्या आजींची वाट बघत होते. त्या आल्या नाहीत. गुडघे धरलेत, असं कळलं. दिंडीवाल्यांबरोबर त्यांना नव्या नावाचं पाकीट पाठवून दिलं.

यंदा त्यांची सूनबाई आली. हातपाय धुऊन ओसरीवर टेकली, पाणी प्याली आणि पिशवीतून एक घडी केलेलं रिकामं पाकीट काढलं. धुऊन, पुसून, जपून ठेवलेलं. सासूबाई ते बघतच राहिल्या. उकिरड्यावर गेलं नव्हतं ते!

"आत्यांनी सांगितलंय, हेच आन," ती म्हणाली. आणि तिनं चटणी नावाने मागितली.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि कढई चुलीवर ठेवली.

नाव ठरवताना लक्षात ठेवा

• नाव छोटं हवं. फोनवर एकदा सांगितल्यावर समोरच्याला लिहिता आलं पाहिजे.

• सगळ्यांना लगेच सुचणारं, देवाचं किंवा मालाचं नुसतं वर्णन करणारं नाव टाळा. त्यावर हक्क सांगणं सहसा अवघड जातं.

• स्टिकरं, फ्लेक्स छापण्याआधी ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर शोधा. इन्स्टाग्राम, फेसबुकवरही ते नाव मोकळं आहे का, बघा.

• उद्या माल वाढेल. चटणीबरोबर लाडूही कराल. नाव एकाच वस्तूला बांधून घेऊ नका.

• पाटी, परवाना, बँक खातं, क्यूआर कोड या सगळ्यांवर एकच नाव हवं. भागीदार असाल तर नाव कुणाचं, ते लेखी ठरवा. नाती गोड असतानाच!

• पहिल्या दिवसापासूनची बिलं जपून ठेवा. ते नाव तुम्ही कधीपासून वापरताय, याचा तोच पुरावा.

• अर्ज केल्यावर नावापुढे 'टीएम' लिहिता येतं. गोलातलं 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच. आधी लिहिलं तर तो गुन्हा आहे.

• दुकान असेल तर पाटी मराठीत, देवनागरीत आणि ठळक हवी. २०२२ च्या दुरुस्तीपासून छोट्या दुकानांनाही हा नियम लागू आहे.